धुण्याच्या दगडावरचा उखाणा

‘‘डीप?’’ भाऊमामांनी विचारलं.

‘‘खोल,’’ मी म्हणाले.

‘‘स्लीप?’’

‘‘झोप.’’

‘‘शीप?’’

‘‘मेंढी.’’

‘‘चीप?’’

‘‘स्वस्त.’’

‘‘ते नको,’’ आतून आई ओरडली. ‘‘जावयाच्या नावाला स्वस्त काय लावताय, भाऊ!’’

मी पाटावर बसले होते. अंगाला हळद लावून झाली होती आणि ती वाळत चालली होती. हळद वाळली की कातडी ताणते, आणि मग ती आपली राहत नाही, दुसऱ्याची उसनी आणल्यासारखी वाटते. मला तसंही त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. लग्न ठरल्यापासून कोणी काही विचारलं की मी ‘हो’ म्हणत होते. भूक लागली का, हो. झोप झाली का, हो. जयदीप कर्णिकांना मी बघायच्या दिवशी जेमतेम चहाचा ट्रे पुढे करण्याइतका वेळ पाहिलं होतं. गोरे होते, बारीक होते, जिना चढून आल्यावर बराच वेळ काही बोलले नव्हते. भिडस्त असतील, असं आई म्हणाली. यालाही मी हो म्हणाले.

ठाण्याच्या कर्णिकांची अट एकच होती. हुंडा नको, मानपान नको, मुलगी इंग्रजी बोलणारी हवी. माझे सासरे, दादासाहेब कर्णिक, जन्मभर गोऱ्या साहेबाच्या हाताखाली नोकरी केलेले. साहेब गेला तरी त्याचं इंग्रजी दादासाहेबांकडेच राहिलं. ते कुत्र्याशी इंग्रजीत बोलत, दूधवाल्याशी इंग्रजीत बोलत, आणि दूधवाला तरीही पाणी घालत असे. आमच्या बाबांनी मध्यस्थ आत्याबाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की, आमची कुमुद इंग्रजी फाडफाड बोलते.

मी मॅट्रिकला इंग्रजीत कशीबशी सुटले होते. तेही भाऊमामांमुळे. मामा आमच्याच गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांची पद्धत साधी होती. एका घोळक्यातले शब्द घ्यायचे, यमकात बसवायचे, आणि शब्द-अर्थ, शब्द-अर्थ असं वर्गाकडून ओरडून घ्यायचं. कॅट मांजर, रॅट उंदीर, मॅट चटई. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजत असला तरी आमचं मॅट चटई स्टँडपर्यंत ऐकू जायचं. पण मांजर चटईवर बसलं, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. मामांनाही येत असेल असं वाटत नाही. त्यांनी ते कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

तर लग्नाच्या तोंडावर आत्याबाई निरोप घेऊन आल्या. सत्यनारायणाच्या दिवशी सगळा गोतावळा जमतो, आणि कर्णिकांच्या घरात नवी सून नाव घेते ते इंग्रजीत.

बाबांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

‘‘इंग्रजीत?’’

‘‘त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे म्हणे,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘थोरल्या सुनेनंही घेतलं होतं. अर्थात ती कॉन्व्हेंटची. पण आपली कुमुद काय कमी आहे? फाडफाड बोलते की!’’

आत्याबाई गेल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘कुमे, तिथं तोंड उघडलंस आणि वाचा बसली, तर ते तुला दुसऱ्या दिवशी इथं आणून सोडतील. मग तुझ्या पाठच्या दोघींना या जिल्ह्यात कोणी दारात उभं करणार नाही.’’

मी हो म्हणाले.

म्हणून हळदीच्या अंगाने मी पाटावर बसले होते आणि मामा ‘जयदीप’ला यमक शोधत होते.

‘‘हे ऐक,’’ मामा म्हणाले. ‘‘आय हॅव अ कॅट, शी स्लीप्स इन अ जीप, आय टेल यू द नेम, मिस्टर जयदीप.’’

आई पदराला हात पुसत बाहेर आली. ‘‘म्हणजे काय?’’

‘‘माझ्याकडे मांजर आहे, ते जीपमध्ये झोपतं, मी नाव सांगते.’’

‘‘शुभ कार्यात मांजर?’’

‘‘मग मेंढी घालू. ग्रीन ग्रीन ग्रास इज फॉर द शीप...’’

‘‘भाऊ, ते कर्णिक आहेत. धनगरवाड्यात देत नाही आपण तिला.’’

‘‘अगं, यमकं एवढीच आहेत! तू जावई निवडताना बघायचं होतंस. विजय असता तर घाऊक मिळाली असती.’’

मामा चिडून विहिरीवर पाय धुवायला गेले. आमच्या विहिरीपाशी धुण्याचा एक मोठा काळा दगड होता. आमचं गाव म्हणजे जुना कॅम्प. एकेकाळी तिथे गोरी पलटण होती. ती गेल्यावर तिचं जे जे उरलं ते गावाने आपापल्या घरी नेलं. कोणाकडे लोखंडी फाटक, कोणाकडे बाकडं, आमच्याकडे हा दगड. आजोबांनी बैलगाडीतून आणला होता. वरचा भाग फुटलेला, खालचा चांगला गुळगुळीत. त्याच्यावर अक्षरं होती, पण साबणाने आणि शेवाळाने भरलेली. मी लहानपणापासून त्याच्यावर कपडे आपटत आले होते. ती अक्षरं माझ्या तळव्यांना पाठ होती, डोळ्यांना नव्हती.

‘‘कुमेऽऽ!’’ मामा विहिरीवरून ओरडले. ‘‘किशी आण, किशी!’’

मी हळदीच्या हातांनी नारळाच्या काथ्याची किशी घेऊन गेले. मामांनी धोतर खोचलं आणि दगड घासायला घेतला. हळूहळू अक्षरं वर आली. मामा बोट फिरवत वाचू लागले.

‘‘हिअर लाइज इन स्लंबर डीप... माय डिअरेस्ट हजबंड, गॉड्ज टू कीप... ट्रेड सॉफ्टली, फ्रेंड्स, अँड डू नॉट वीप.’’

मामांनी हातातली किशी टाकली. ‘‘डीप, कीप, वीप! अगं, हजबंड म्हणजे नवरा! कुठल्या तरी मडमेनं नवऱ्याचं नाव घेतलंय!’’

आई आणि बाबा धावत आले. मामांनी शब्दशः अर्थ सांगितला. हजबंड नवरा. डिअरेस्ट सगळ्यात लाडका. लाइज पहुडले आहेत. डीप खोल, म्हणजे इथं गाढ.

‘‘आणि स्लंबर?’’ बाबांनी विचारलं.

मामांनी क्षणभर विचार केला. ‘‘झोपेचाच एक प्रकार. वरच्या दर्जाचा.’’

‘‘मग पूर्ण सांगा.’’

‘‘माझे लाडके पती इथं गाढ झोपले आहेत. त्यांचा सांभाळ देव करतो. मित्रांनो, पाय न वाजवता चाला आणि रडू नका.’’

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘झोपमोड होऊ नये म्हणून! मडम असून किती सोज्वळ बाई.’’

‘‘पण दगडावर का कोरलं?’’ बाबांनी विचारलं.

‘‘त्यांच्यात तोंडानं घेत नसतील,’’ मामा म्हणाले.

‘‘पक्कं काम,’’ बाबा म्हणाले. ‘‘इंग्रज कुठलीही गोष्ट करायची तर पक्की करतो.’’

मामांनी मधली ओळ बदलली. गॉड्ज टू कीप काढलं आणि तिथे जयदीप बसवलं. इतकं चपखल बसलं की त्या बाईने शंभर वर्षांपूर्वी माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती, असं सगळ्यांना वाटलं. मी तो उखाणा हळद वाळत, मेंदी रंगत, बांगड्या भरत पाठ केला. शब्द-अर्थ, शब्द-अर्थ. वीप रडणे. डू नॉट नको.

लग्न झालं. ते मला फारसं आठवत नाही. धूर आठवतो, आणि सप्तपदीनंतर जयदीप बाजूच्या खुर्चीवर बसले आणि भटजींना ‘एक मिनिट’ म्हणाले, ते आठवतं.

ठाण्याच्या घरी सत्यनारायणाला दिवाणखाना माणसांनी भरला. दादासाहेबांनी पूजेला सोवळ्यावर टाय लावला नव्हता एवढंच. आरती झाली, तीर्थ झालं आणि त्यांनी टाळी वाजवली.

‘‘लेडीज अँड जंटलमेन! माय डॉटर-इन-लॉ विल नाऊ टेक द नेम!’’

जयदीप माझ्या शेजारी पाटावर होते. त्यांच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. समोर सासूबाई, माई, खांबाला टेकून उभ्या होत्या. माईंना इंग्रजी येत नव्हतं. येत नाही हे उघडपणे कबूल करणाऱ्या त्या घरात त्या एकट्याच होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. सबंध दिवस त्या मुलाच्या द्रोणाकडे, मुलाच्या कपाळाकडे, मुलाच्या श्वासाकडे बघत होत्या. एकुलता नाही तरी धाकटा, लाडका असेल, असं मला वाटलं.

मी उभी राहिले. जीभ बधिर होती, पण दगडावरची अक्षरं तळव्यांना आठवत होती. मी म्हणाले,

‘‘हिअर लाइज इन स्लंबर डीप, माय डिअरेस्ट हजबंड जयदीप. ट्रेड सॉफ्टली, फ्रेंड्स, अँड डू नॉट वीप.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला.

‘‘ब्राव्हो!’’ दादासाहेब ओरडले. ‘‘व्हॉट प्रनन्सिएशन!’’

‘‘काय क्लासिकल आहे हो,’’ एक काका म्हणाले. ‘‘आम्हाला इंटरला होतं हे.’’

‘‘हे पुढे आणखी आहे,’’ दुसरे म्हणाले. ‘‘बरंच मोठं आहे.’’

‘‘गोड!’’ कॉन्व्हेंटच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं कॉन्व्हेंट माझ्या इंग्रजीसारखंच असावं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सगळ्यात जोरात टाळ्या माई वाजवत होत्या. कळलं काही नव्हतं, पण सगळे खूश दिसले म्हणून त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या जयदीपनी. त्यांच्या हातातला द्रोण कलंडला होता आणि प्रसादातलं केळं पीतांबरावर घसरत होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते उठले आणि आत गेले.

चुकलं, वाटलं. व्याकरण चुकलं. उद्या मला नेऊन सोडणार.

दुपारी पंगती उठल्यावर त्यांनी मला मागच्या गॅलरीत बोलावलं. तिथे धुतलेली सोवळी वाळत होती. ते कठड्याला धरून उभे होते.

‘‘तुला कोणी सांगितलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘भाऊमामांनी.’’

‘‘त्यांना कसं कळलं?’’

‘‘दगडावरून.’’

‘‘कुठल्या दगडावरून?’’

‘‘धुण्याच्या.’’

‘‘म्हणजे आता गावात सगळ्यांना माहीत आहे?’’

‘‘नाही. शेवाळ होतं. आम्हीच किशीनं घासून काढलं.’’

‘‘आणि तरी तू लग्नाला उभी राहिलीस?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

‘‘मग चारचौघांत असं का बोललीस? राग काढायचा होता तर माझ्यावर काढायचा. माईंना कोणी अर्थ सांगितला असता तर?’’

‘‘चुकलं का काही?’’ मी विचारलं. ‘‘वीप म्हणजे रडणे ना?’’

त्यांनी कठडा सोडला. माझा चेहरा नीट पाहिला, बहुतेक पहिल्यांदाच. ‘‘तू जे बोललीस, त्याचा अर्थ सांग.’’

मी सांगितला. माझे लाडके पती गाढ झोपले आहेत. वरच्या दर्जाची झोप. मित्रांनो, पाय न वाजवता चाला.

जयदीप खाली बसले. दोन धोतरांच्या मधे, फरशीवर. आधी मला वाटलं त्यांना घेरी आली. मग कळलं, ते हसत होते. हसता हसता त्यांना धाप लागली. धाप लागली तरी हसत होते. हाताने मला ‘थांब, थांब’ करत होते.

‘‘कुमुद,’’ बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘‘हिअर लाइज हे थडग्यावर लिहितात. तुमच्या विहिरीवर कुणा साहेबाच्या थडग्याचा दगड आहे. त्याच्या बायकोनं तो मेल्यावर लिहिलंय. पुऱ्या वाक्याचा अर्थ, माझा नवरा इथं पुरला आहे.’’

माझ्या डोक्यात शब्द सुटे सुटे उभे होते. ते एकेक करून एकमेकांच्या शेजारी येऊन बसले. मला ओरडायला हवं होतं. मला एवढंच सुचलं की, त्या बिचाऱ्या साहेबावर आम्ही इतकी वर्षं चादरी आपटल्या.

‘‘मग तुम्हाला काय वाटलं?’’ मी विचारलं. ‘‘कोणी सांगितलं म्हणालात ते कशाबद्दल?’’

त्यांनी समोरच्या धोतराची दशी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

‘‘लहानपणी मला ताप आला होता. सांध्यांचा. त्यात हृदयाची एक झडप गेली. डॉक्टरांनी म्हातारपणाचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय. माई, मी आणि डॉक्टर, एवढ्यांनाच माहीत आहे. दादांनाही नीट माहीत नाही. त्यांना डॉक्टरनं इंग्रजीत सांगितलं होतं.’’

आत कोणी तरी पान मागत होतं. मी दारातल्या घमेल्याकडे बघत होते. त्यात प्रसादाचे रिकामे द्रोण साठले होते.

‘‘मला वाटलं, तुला कळलं आणि तू सगळ्यांसमोर सांगून टाकलंस. वाटलं, मोठी धीट बाई आहे.’’

‘‘मला इंग्रजी येत नाही,’’ मी म्हणाले. आता ते सांगायला हरकत नव्हती.

‘‘माहीत आहे.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘बघायला आलो तेव्हा मी विचारलं, व्हॉट इज युवर हॉबी. तू येस म्हणालीस.’’

‘‘मग होकार कशाला दिलात?’’

‘‘आमच्याकडून फसवणूक होणारच होती,’’ ते म्हणाले. ‘‘म्हटलं, दोन्हीकडून असली तर बरं. हलकं वाटेल.’’

खाली रस्त्यावर कल्हईवाला ओरडत गेला. जयदीप उठले.

‘‘मी तुला उद्या घरी पोचवतो. दोष माझ्यावर घेईन. तुझ्या इंग्रजीचं नाव काढणार नाही, म्हणजे तुझ्या बहिणींचं अडायचं नाही. नाही तर राहा. पण काय ते आजच्या आज सांग. मला ताटकळायची सवय नाही, आणि तेवढी ऐपतही नाही.’’

कित्येक दिवसांत कोणी मला असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर हो असं देता येत नाही. मी विचार करायचा प्रयत्न केला. रडू येतंय का पाहिलं. येत नव्हतं. राग शोधला. तोही सापडला नाही. मेंदीचा वास तेवढा येत होता.

‘‘शेवटी काय आहे?’’ मी विचारलं. ‘‘त्या दगडावर. डू नॉट वीप म्हणजे रडू नका असंच ना? की त्याचाही काही वेगळा अर्थ आहे?’’

‘‘नाही. तेवढं बरोबर आहे.’’

‘‘मग राहते,’’ मी म्हणाले.

त्यानंतर रविवारी दुपारी जयदीप मला इंग्रजी शिकवत. पद्धत मामांचीच. एक शब्द घ्यायचा, त्याला यमकं शोधायची. पण त्यांची अट होती, प्रत्येक यमक वाक्यात घालून दाखवायचं. सुटा अर्थ चालणार नाही. लाइट, नाइट, काइट. रेन, ट्रेन, पेन. मी वाक्यं करी, ते फरशीवर आडवे पडून हसत. ‘ईप’वाल्या शब्दांना आम्ही कधी हात लावला नाही. ते जीपमध्ये बसले तरी गाडी म्हणत.

ते डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जगले. माईंनी मला कधी काही सांगितलं नाही, मीही त्यांना कधी विचारलं नाही. औषधांना त्या टॉनिक म्हणत आणि मी ते टॉनिक वेळच्या वेळी देई. मला काही माहीत नाही, ही समजूत माईंनी इतक्या निगुतीने जपली होती की मला ती मोडवेना.

जयदीप गेले ते सकाळी, दाढी करताना. दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी मला हाक मारली. ते पार थकले होते. मांडीवर वर्तमानपत्र होतं, हातात पेन.

‘‘कुमुद, पेपरात द्यायचंय. इंग्लिश पेपरात. चार ओळी चांगल्या हव्यात. तो तुझा लग्नातला उखाणा काय होता गं? त्यात त्याचं नावही होतं. व्हेरी ब्यूटिफुल होता.’’

मी सांगितला. आता मला त्यातला प्रत्येक शब्द वाक्यात कळत होता. दादासाहेब लिहीत गेले, आणि त्यांचं पेन एकदाही थबकलं नाही.

छापून आलं त्या दिवशी भेटायला आलेल्या चुलतसासूबाई पेपर नाचवत थेट माझ्यासमोर आल्या. ‘‘अगं, हा तर सत्यनारायणातला उखाणा! मला पाठ आहे, माझ्या सुनेला मी हाच शिकवला. नवरा जाऊन दोन दिवस नाहीत आणि पेपरात नाव घेतेस? कुंकू पुसलेली बाई नाव घेते का?’’

त्या दुसऱ्या खोलीत तेच सांगायला गेल्या.

माई कोपऱ्यात चटईवर बसल्या होत्या. त्यांनी पेपर ओढून घेतला. अक्षरांवरून बोट फिरवलं, मी लहानपणी दगडावरून फिरवायची तसं.

‘‘याचा अर्थ काय गं?’’

मी सांगितला. सुटा नाही. पुऱ्या वाक्याचा.

माई पेपराकडे बघत राहिल्या. ‘‘आणि तेव्हा? पूजेच्या दिवशी म्हणालीस तेव्हा काय अर्थ होता?’’

‘‘हाच.’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘त्याच दुपारी कळलं. त्यांनीच सांगितलं. सगळं.’’

माईंनी पेपराची घडी घातली. मग ती उघडली. मग पुन्हा घातली.

‘‘मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हो, माई.’’

बाहेर कोणी तरी आलं. दारात चपला काढून, पाय न वाजवता.